सहा अर्ज

माझ्या मामाला १९७४ साली रेल्वेतून काढलं. आमच्या घरात हे वाक्य असंच बोललं जायचं. कोणी काढलं हे वेगळं सांगावं लागत नसे. इगतपुरीच्या रेल्वे चाळीतल्या पोरासोरांनाही ते ठाऊक होतं. ८ मे ते २७ मे असा देशभर संप झाला, जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात गेले, रेल्वेच्या क्वार्टरांतून बायकापोरांना भांड्याकुंड्यांसकट बाहेर काढलं आणि हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. मामा तीन वर्षं घोटीच्या बाजारात कांदे-बटाटे विकत होता. १९७७ ला जनता सरकार आलं, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, काढलेल्यांना परत घेतलं. मामा पुन्हा शेडमध्ये गेला आणि मरेपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिला, "मला काढलं होतं बरं का." दुसरा कोणी पदक दाखवील तसं तो ते दाखवायचा.

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तात्यांनी २०२० साली रिटायरमेंट घेतली. आता यात काढणारा कुठेच दिसत नाही. घेणारा तेवढा दिसतो. आणि ती घेण्यासाठी कॉम्प्युटरवर जो अर्ज भरावा लागला, तो मी भरला. एकट्या तात्यांचा नाही, सहा जणांचा.

मी देवळाली कॅम्पच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला माणूस. १९९३ ला फोन मेकॅनिक म्हणून लागलो तेव्हा आमचं टेलिफोन खातं होतं, म्हणजे थेट भारत सरकार. लग्नाच्या बाजारात आम्हाला तलाठ्याच्या बरोबरीचा भाव होता. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, आणि ज्याच्याकडे फोन लागला त्याच्याकडे पेढे असायचे, ते पहिल्यांदा लाइनमनच्या हातावर पडायचे. कॅम्पचं गिऱ्हाईकही न्यारं. एकीकडे तोफखान्याचं स्कूल आणि फौजेची बिऱ्हाडं, दुसरीकडे लॅम रोडवरचे जुने पारशी बंगले आणि हवा खायला आलेल्या मुंबईकरांची सॅनेटोरियमं, आणि पलीकडे भगूर, संसरी, लहवितचे द्राक्षं-भाजीपालावाले. रस्त्याकडेच्या एकाच केबल-पिलरमधून निघालेली तारांची एक जोडी कर्नलसाहेबांच्या टेबलावर जायची आणि दुसरी ज्याच्या मळ्यात जायची तो फोन उचलल्यावर "कोन बोलून ऱ्हायलं?" असं विचारायचा.

तात्या या जोड्यांचे मालक होते. पदनाम काही का असेना, कामाने जॉइंटर. लहवितचे. ऐन तरुणपणी केबलचे खड्डे खणायला रोजंदारीवर आले. दिवस भरला तर पैसे, नाहीतर घरी. पोस्ट-तार खात्यात असे हजारो लोक वर्षानुवर्षं रोजंदारीवर होते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्यासाठी योजना करा असं सांगितलं, १९८९ मध्ये ती योजना आली, आणि त्या धाग्याला धरून तात्या 'परमनंट' झाले. हा शब्द ते ट वर जोर देऊन उच्चारायचे. कायम व्हायला काय लागतं ते त्यांना माहीत होतं. आम्ही परीक्षा देऊन आलेले, आम्हाला ते आयतं मिळालेलं.

त्यांचं काम बघण्यासारखं असे. खड्ड्यात गुडघे टेकून बसायचे, वर ताडपत्री. केबल कापली की आतून ती पिवळसर जेली ओघळते, बोटांना चिकटते, रॉकेलशिवाय निघत नाही. तिच्यात शंभर जोड्या. पांढरा-निळा, पांढरा-नारंगी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-करडा, मग पांढऱ्याच्या जागी लाल आणि पुन्हा तेच. तात्या हे रंग तोंडाने पुटपुटत, जप केल्यासारखे. तारेचं साल दाताने सोलायचे. साहेबांनी कितीदा सांगितलं, स्ट्रिपर वापरा म्हणून, पण त्यांच्या पुढच्या दातांत एक खाच पडली होती आणि तार तिच्यात बरोब्बर बसायची. चालू जोडीला हात लागला तर एरवी काही कळत नाही, पण नेमकी तेव्हाच रिंग आली तर बोटाला मुंगळा डसल्यासारखं होतं. तात्या खड्ड्यातून ओरडायचे, "कोणाचा तरी फोन आला रे!" जॉइंट बंद करायच्या आधी आत एक चिठ्ठी घालायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तारीख आणि सही.

नकाशे होते ना, असं कोणी विचारील. होते. कपाटात गुंडाळ्या होत्या. पण १९९५ च्या नकाशात जिथे केबल सरळ गेलेली दिसते, तिथे मध्ये कोणीतरी गटार बांधलेलं, कोणी कंपाउंड पुढे घेतलेलं, एका पावसाळ्यात तीस जोड्या कुजल्या म्हणून शेजारच्या डीपीवरून, म्हणजे जिथून जोड्या घराघरांत जातात त्या पेटीवरून, उसन्या आणलेल्या. त्या उसनवारीची नोंद कागदावर राहिलीच नाही. ती तात्यांच्या डोक्यात होती, आणखी दोघा लाइनमनच्या डोक्यात होती आणि थोडीफार माझ्या.

३० सप्टेंबर २००० च्या रात्री आम्ही सरकारी नोकर म्हणून झोपलो आणि १ ऑक्टोबरच्या सकाळी भारत संचार निगमचे म्हणून उठलो. त्याआधी सप्टेंबरात संप झाला होता. पेन्शन सरकारच देईल हे पदरात पाडून घेतल्यावर लोक शांत झाले. पुढे २००६ मध्ये नाशिकरोडच्या नोटा आणि स्टॅम्पच्या छापखान्यांचंही असंच महामंडळ झालं, तेव्हा तिथले ओळखीचे लोक आम्हाला विचारायला आले, "काय फरक पडतो हो?" आम्ही सांगितलं, काही नाही, पाटी बदलते. खरंच तसं वाटलं होतं. सरकारी नोकर आणि सरकारच्या कंपनीचा नोकर यांत फरक काय, तो कळायला एकोणीस वर्षं लागली.

मधल्या काळाचं सगळ्यांना माहीत आहे. मोबाइल आला, लोकांनी लँडलाइन परत केल्या. परत आलेल्या फोनयंत्रांचा स्टोअरमध्ये ढीग लागला, लाल, काळी, बिस्किटी. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि उरलासुरला धंदाही बसला. आमच्याकडे फोरजीचं स्पेक्ट्रमच नव्हतं. आणि हेही सांगून टाकतो, नाहीतर लबाडी होईल: आमच्याकडे माणसं जास्त होती. दुपारी तीननंतर बॅटरी रूमच्या मागे पत्ते चालायचे, मीही खेळलो आहे. उत्पन्नातले पंच्याहत्तर टक्के पगारावर जातात असं पेपरात छापून यायचं, आणि ते वाचून बाहेरचा माणूस आमच्याकडे ज्या नजरेने बघायचा ती नजर अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे.

२३ ऑक्टोबर २०१९, वसुबारसेच्या दोन दिवस आधी, केंद्रीय मंत्रिमंडळाने पॅकेज जाहीर केलं. सगळं मिळून ६९ हजार कोटींचं. त्यात फोरजी होतं, एमटीएनएलचं विलीनीकरण होतं आणि स्वेच्छानिवृत्ती होती. फराळाच्या ताटावर घराघरांत तीच चर्चा. ४ नोव्हेंबरला योजना उघडली, ३ डिसेंबरला बंद होणार होती. वय ५० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना अर्ज करता येणार. ३१ जानेवारी २०२० ला सगळे एकदम बाहेर. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार, राहिलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा. ३० वर्षं झाली आणि ५ उरली तर १०५० अधिक १२५. त्यावर पुन्हा एक कमाल मर्यादा. पेन्शन लगेच सुरू, पण पेन्शन विकून मिळणारी रक्कम साठीनंतरच. त्या महिन्यात कॅम्पातल्या आमच्या चहावाल्याच्या टपरीवर जितकी गणितं झाली तितकी बार्न्स स्कूलच्या वर्गांतही झाली नसतील. सिगारेटच्या पाकिटांवर, तंबाखूच्या पुड्यांवर, लाइनच्या फॉल्टच्या चिठ्ठ्यांच्या मागे, सगळीकडे पस्तीस गुणिले, पंचवीस गुणिले.

माझं वय तेव्हा एकोणपन्नास वर्षं आठ महिने. चार महिन्यांनी हुकलो म्हणा, नाहीतर वाचलो म्हणा. काय म्हणायचं ते माझं अजून ठरत नाही.

कॅम्पला वाट पाहण्याचा जुना शाप आहे. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे सोल्जर इथे आणून ठेवत, विलायतेचं जहाज मिळेपर्यंत. जहाजं ठरावीक मोसमातच सुटायची, त्यामुळे कोणाकोणाला महिनोन्‌महिने नुसतं बसून राहावं लागे. काम नाही, कवायत नाही, फक्त उकाडा आणि दारू. डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली टॅप' असा वाक्प्रचारच झाला. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आमच्या साहेबांनी हे सांगितलं आणि म्हणाले, सध्या एक्स्चेंजला डूलाली टॅप झालाय. खरंच होतं ते. फॉल्ट काढायला कोणी निघेना. फोनवर फोन. "नाशिकला किती जणांनी भरला? मनमाडला? सिन्नरला?" कोणी म्हणे राहिलात तर निवृत्तीचं वय ५८ वर आणणार आहेत. कोणी म्हणे राहिलात तर काश्मीरला बदली. कुठून उठायच्या या वावड्या कोण जाणे, पण प्रत्येक वावडीचं तोंड दाराकडेच होतं.

अर्ज ऑनलाइन होता. आणि आमची गंमत अशी की देशाला इंटरनेट पुरवणाऱ्या खात्यातल्या निम्म्या लाइनमनना माउस धरता येत नव्हता. मी काही वर्षांपूर्वी ब्रॉडबँडचं ट्रेनिंग घेतलेलं, त्यामुळे कॉम्प्युटरला बसवलेला माणूस मीच. आधी भगूरचे अण्णा आले. गुडघा गेलेला, पोलवर चढता येत नव्हतं. त्यांचा अर्ज भरताना वाईट वाटलं नाही. मग काउंटरवरच्या मॅडम आल्या. त्यांच्या लेकीचं बाळंतपण पुण्याला होतं, त्या हसत हसत आल्या आणि हसत गेल्या. बॅटरी रूमचे दोघे एकदमच आले. एकाने भरला म्हणून दुसऱ्याने भरला. पाचव्याने बायकोला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि तिने तिकडून विचारलं, "कर्ज फिटून किती उरतील ते नीट विचारा." मी आकडा सांगितला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "भरा."

आणखी एक जण होता, त्याचा अर्ज मी भरला आणि २ डिसेंबरला मागेही घेतला. त्याची बायको स्वतः त्याला घेऊन एक्स्चेंजला आली होती. "घरी बसून काय करणार हे? माझं डोकं खातील." दुसऱ्या दिवशी मुदत संपायच्या आधी तो एकटा आला, खुर्चीच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "नक्की मागे घेतला ना रे?" हो म्हटलं. तो "बरं" म्हणाला, पण ते आनंदाचं की दुःखाचं ते त्यालाही कळलं नसावं. तो आजही माझ्याबरोबर आहे.

तात्या सगळ्यात शेवटी आले, ३ तारखेला दुपारी. हात धुऊन आले होते. रॉकेलचा वास येत होता. स्क्रीनवरचा मजकूर त्यांनी मला मराठीत वाचून दाखवायला लावला. मी वाचलं, की हा अर्ज मी स्वखुशीने करतो आहे वगैरे.

"स्वखुशी म्हणजे काय रे?"

"म्हणजे तात्या, तुमच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही."

तात्यांनी विचार केला. "जबरदस्ती नाही. जबरदस्ती कोणीच केली नाही. पण पाहुण्याचं जेवण झाल्यावर घरधन्याने दारातल्या त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या, की पाहुण्याला कळतं ना, तसं आहे हे." मग म्हणाले, "दाब बटण."

मी म्हटलं, तुम्ही दाबा. त्यांनी माउसवर हात ठेवला. तो हात माझ्या ओळखीचा होता, अंधारात शंभर जोड्यांतून नेमकी एक शोधणारा. बाण स्क्रीनभर सैरावैरा पळायला लागला. दोनदा भलत्याच ठिकाणी क्लिक झालं. शेवटी त्यांनी हात काढून घेतला आणि मी दाबलं.

माझ्या बायकोचं म्हणणं, यात तुमचा काय दोष, तुम्ही नसता भरला तर दुसऱ्याने भरला असता. बरोबर आहे. मामाला काढणाऱ्या हेडक्लार्कची बायकोही त्याला हेच म्हणाली असेल.

देशभरात ७८ हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केला, एमटीएनएलचे चौदा हजारांवर वेगळे. निगमचे निम्मे लोक एका संध्याकाळी घरी गेले. ३१ जानेवारीला शुक्रवार होता. आमच्या एक्स्चेंजमध्ये चौदा जण होतो, चार उरलो. एरवी एकेकाचा निरोप समारंभ व्हायचा, भाषणं व्हायची, कोणीतरी हमखास रडायचं. इथे दहा जणांना एकाच सतरंजीवर बसवलं. दहा शाली, दहा नारळ. भाषण कोणाचं करणार? साहेबही जाणाऱ्यांतलेच. त्यांनी नुसतं "चला" म्हटलं. फोटो काढायला मी उभा राहिलो, कारण फोटोत नसलेला माणूस कोणीतरी हवा होता. नंतर एकेकाने चाव्या माझ्या हातात दिल्या: बॅटरी रूम, जनरेटर, स्टोअर, पिलरच्या. पँटचा खिसा फाटेल इतक्या झाल्या. सोमवारी मस्टर उघडलं तर दहा नावांपुढे लाल रेघ. रेघ मारायचं कामही माझ्याकडेच आलं.

आता माझं भांडण. माणसं जास्त होती, कबूल. पण जास्त कोण हे कामावरून ठरलं नाही, जन्मतारखेवरून ठरलं. पन्नाशीच्या वरचा म्हणजे ज्याने तांब्याची केबल जमिनीत घातली तो. पत्ते खेळणारा पंचेचाळिशीचा असेल तर तो राहिला. कोणती केबल कुठे पुरली आहे हे ज्यांना माहीत, ते सगळे एकाच दिवशी फाटकाबाहेर, आणि त्यांच्याकडून ते विचारून घ्यायला दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत मी तात्यांबरोबर तीन रविवार स्कूटरवर फिरलो. ते दाखवत होते, इथे वळण, इथे उसनी जोडी, इथे पाणी शिरतं. मी वहीत लिहीत होतो. तिसऱ्या रविवारी कळलं की हे वहीत मावणारं नाही. त्यांना ते आठवत नव्हतंच. जागेवर गेल्यावर सुचत होतं. जागा दिसली की, "हां, इथे." लिहून काय घेणार?

आणि त्या ७८ हजारांत आणखी एक हिशेब नाही. ठेकेदाराकडची तीन पोरं आमच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करत होती, चढायचं-खणायचं काम खरं तर तीच करायची. त्यांना ना ३५ दिवस ना २५. ठेकेदाराने काही महिन्यांचे पैसे थकवले, मग फोन उचलणं बंद केलं. टेलिफोनवाल्यांचाच फोन उचलत नाही, यावर आम्ही थोडं हसलोही. एक पोरगा द्राक्षाच्या बागेत फवारणीला गेला, एक घरोघरी जेवणाचे डबे पोचवू लागला, तिसरा नाशिकरोडला एका सोसायटीत वॉचमन झाला. शाल-नारळ राहू द्या, त्यांचं नाव कुठल्या मस्टरवरच नव्हतं, रेघ कशावर मारणार?

दोन महिनेही झाले नाहीत तोच लॉकडाऊन आला. गुढीपाडव्याच्या सकाळी लॅम रोडवर एक कुत्रं सोडून कोणी नव्हतं. आणि अचानक सगळ्यांना आमची आठवण झाली. मुंबई-पुण्याची पोरं घरून काम करायला कॅम्पात आलेली, कोणाला ब्रॉडबँड हवं, कोणाचं जुनं बंद. त्यातच एका बंगल्यातल्या आजींचा फोन डेड झाला. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. मुलगा परदेशात, रोज संध्याकाळी सातला लँडलाइनवर फोन करायचा. मोबाइल त्यांना ऐकू येत नसे. मी पास घेऊन गेलो. डीपीपर्यंत करंट नव्हता. पिलरला होता. मधल्या चारशे मीटरमध्ये कुठेतरी जोडी तुटली होती आणि ती मला सापडेना. वही काढली. वहीत लिहिलं होतं, "वडाच्या पुढे, डावीकडे, लक्षात ठेवणे." लिहिणारा मी, वाचणारा मी, आणि काय लक्षात ठेवायचं ते आठवत नाही. दोन दिवस गेले. आजी कुंपणापर्यंत येऊन उभ्या राहायच्या, तोंडाला पदरासारखा टॉवेल लावून, आणि काही विचारायच्या नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तात्यांना फोन लावला. लहवितहून यायला रस्ता बंद, पोलीस उभे. म्हणाले, "वडाखाली उभा राहा. पाठ झाडाला लाव. आता समोर कंपाउंडला विटांचा रंग कुठे बदलतो?" बदलत होता. "तिथे भिंत मागाहून बांधली. त्यांनी आपला जॉइंट भिंतीच्या आत घेतला. मी भांडलो होतो तेव्हा. ती जोडी सोड. वरच्या अंगाला सॅनेटोरियमच्या डीपीवर लाल-करडी मोकळी आहे बघ, ती आण." होती. संध्याकाळी साडेसहाला टोन आला. मी आनंदाने तात्यांना फोन केला तर लागेना. नंबर बघितला तेव्हा लक्षात आलं, हा आपला नाहीच, दुसऱ्या कंपनीचा. नंतर विचारलं तर म्हणाले, "आमच्या मळ्यात आपली रेंज कुठे येते?" 'आपली' म्हणाले मात्र.

बाकीच्यांचं ऐकायचं तर मॅडम मजेत आहेत. अण्णांनी पैशातून गुडघा बदलून घेतला आणि आता रेणुकामातेच्या देवळापर्यंत चालत जातात. नोकरीत असते तर रजेअभावी झालं नसतं असं तेच सांगतात. बॅटरी रूमवाल्यांपैकी एकाने किराणा टाकला, तो लॉकडाऊनने खाल्ला. दुसरा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला, बिटको हॉस्पिटलला खाट मिळेपर्यंत उशीर झाला होता. सगळ्यांचं वाईटच झालं असं म्हटलं तर मॅडम मला फाडून खातील.

त्याच वर्षाच्या अखेरीस एसटीचा संप झाला. आमच्या शेजारी राहणाऱ्या कंडक्टरला बडतर्फीचं पत्र आलं. महिनोन्‌महिने घरी. एप्रिल २०२२ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की ठरलेल्या तारखेपर्यंत रुजू व्हा, आणि तो रुजू झाला. त्या काळात तो एकदा ओट्यावर बसून म्हणाला, "साहेब, तुमचे लोक नशीबवान, पैसे घेऊन गेले." मी म्हटलं, हो. मग तो बडतर्फीचं पत्र दाखवू लागला, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं. बोलताना मान ताठ. मला मामा आठवला. तात्यांकडे दाखवायला असं काही नाही. त्यांच्याकडे आहे ती त्यांनी स्वतःच केलेल्या अर्जाची प्रत, आणि तीही मी प्रिंट काढून दिलेली.

२०२४ च्या डिसेंबरात पुन्हा बातमी आली, आणखी अठरा-एकोणीस हजार लोक कमी करण्याचा विचार आहे म्हणून. नंतर ती विरली. पण त्या रात्री बायकोने न बोलता कॅल्क्युलेटर काढला होता. मी आता पन्नाशीच्या वरचा आहे, आणि माझी झालेली वर्षं माझ्याआधी तिला पाठ आहेत.

यंदा मे महिन्यात लॅम रोडला कोणाचं तरी खोदकाम चाललं होतं. जेसीबीने आमची जुनी शंभर जोड्यांची केबल उपसली. बंदच होती, आता सगळं फायबरवर गेलं आहे. भंगारवाला येण्याआधी बघायला म्हणून मी गेलो, आणि का कोण जाणे, तात्यांना फोन केला. ते स्कूटरवर आले. उन्हात बाजूला केबलचा जॉइंट पडला होता, काळा, कोहळ्याएवढा. तात्यांनी खाली बसून तो उलटासुलटा केला, माझ्याकडून चाकू घेतला आणि वरचं आवरण चिरलं. आत पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी. शाई फिकट झाली होती, तरी तारीख लागत होती: १४ जून १९९८. खाली सही.

तात्यांनी चिठ्ठीकडे फारसं बघितलं नाही. त्यांनी जॉइंटच्या आत बोट घातलं, तळापर्यंत फिरवलं, बाहेर काढून अंगठ्यावर घासून पाहिलं आणि बोट माझ्यासमोर धरलं.

"बघ," म्हणाले, "कोरडा आहे."